हे दौऱ्यावर असताना

गुरुवार, तारीख चौदा. सहाला उठलो. चहा केला, पेपर वाचला. दहाला मेकॅनिक आला, साडेअकराला गेला. दुपारी आडवा झालो, पण डोळा लागला नाही. आता पाच वाजलेत.

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुमचं ब्लडप्रेशर आणि साडूबुवांचा खोकला दोन्ही खाली आले असतील अशी आशा करतो. तुम्ही फोनवर दर वेळी "नीट जेवता ना?" असं विचारता आणि मी "हो" म्हणतो. त्यातून तुम्हाला काही कळत नाही हे मला कळतं, म्हणून लेखी देतो: जेवतो.

पत्रास कारण स्टिरिओ. तुम्ही तुमच्या धाकट्या बहिणीला लग्नात दिलेला हा सेट ती गेल्यापासून सात महिने बंद आहे, आणि इथे धूळ खात पडण्यापेक्षा तो परत तुमच्याकडे यावा असं आपलं ठरलं आहे. (म्हणजे तुम्ही ठरवलंत आणि मी "बरं" म्हणालो. आपल्यात गोष्टी अशाच ठरतात आणि माझी त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.) रविवारी तुमचा टेम्पो येणार, म्हणून मी सोमवारपासूनच तयारीला लागलो. माळ्यावरून माझी जुनी दौऱ्याची बॅग काढली आणि रेकॉर्ड भरायला घेतल्या. तुम्हाला माहीतच आहे, तिने प्रत्येक रेकॉर्डला शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर घातलं होतं. त्या लावायचं काम तिचं, खुर्चीत बसून ऐकायचं काम माझं. तेहतीस वर्षांत मी एकाही रेकॉर्डला हात लावला नव्हता. त्यामुळे कव्हरांच्या आतल्या बाजूला तिने पेन्सिलीने शेरे लिहून ठेवलेत, हे मला सोमवारी कळलं. "पावसात बरी." "पाहुणे उठत नसतील तर." "अक्काशी भांडण झाल्यावर." (ही बरीच झिजली आहे.) आणि सात रेकॉर्डवर एकच शेरा: "हे दौऱ्यावर असताना. क्लॅरिनेट."

हे म्हणजे मी.

आता त्या सातांतली एक रेकॉर्ड माझ्या अगदी ओळखीची, किंबहुना सगळ्यांत आवडती. नुसता पियानो. तुम्ही मला एकदा विचारलं होतंत की, भावोजी, तुम्हाला कुठलं वाद्य आवडतं, आणि मी "सगळीच" म्हणून सुटलो होतो. खरं उत्तर पियानो, आणि तोही या रेकॉर्डवरचा. हा माणूस दोन-तीन सूर वाजवतो आणि थांबतो. बराच वेळ थांबतो. मग पुन्हा दोन सूर. मला वाटायचं, हा आपल्यासारखा आहे, बोलायच्या आधी विचार करतो. व्हायोलिनवाले कसे एकदा सुरू झाले की श्वासही घेत नाहीत (तुमच्याकडच्या मंडळींची आठवण होते, राग नसावा). तर अशा या रेकॉर्डमध्ये क्लॅरिनेट कुठून आलं? सात महिन्यांनी सेट लावला. पियानोच. उलटी करून लावली. पियानोच. बाकीच्या सहाही लावल्या. कुठे गिटार एकटीच रेंगाळतेय, कुठे चेलो आपल्याशीच कुरकुरतोय. क्लॅरिनेटचा पत्ता नाही. रेकॉर्डच्या लेबलावर काय लिहिलंय ते पाहिलं, तर ती भाषा मला येत नाही.

वरच्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या बाई राहतात. जिन्यात भेटल्या, तेव्हा सहज विचारलं की आमच्या घरातून कधी क्लॅरिनेट ऐकू यायचं का. त्या दोऱ्याचं टोक दातात धरून म्हणाल्या, "यायचं की! तुम्ही गावाला गेलात की हमखास. काय सुंदर वाजायचं हो! मी मशीन बंद करून ऐकायचे."

अक्का, मी सदुसष्ट वर्षांचा आहे. संशय वगैरे घ्यायचं हे वय नाही. पण मंगळवारचा आख्खा दिवस मी घेतला. माझी बॅग भरताना ती गुणगुणायची, ते आठवलं. शर्टांच्या घड्या काय, सुपारीची डबी काय, आणि "चारऐवजी पाच दिवस लागले तरी घाई करू नका" हा आग्रह काय! मला वाटायचं, केवढी ही काळजी. बुधवारी सकाळी मी गावातल्या बँडच्या तालमीच्या खोलीत गेलो. त्यांच्याकडे क्लॅरिनेट वाजवणारा एकच आहे. मी त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. त्याचं वय सत्तावीस निघालं. माझे दौरे सुरू झाले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी क्लॅरिनेट शिकवता का असं विचारलं, आणि कालपासून त्याचे तीन फोन येऊन गेले.

आज दहाला मेकॅनिक आला, सेटच्या वायरी सोडवायला. गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी यंत्राला कान लावतो. "सोडवण्याआधी चालू करून दाखवा," म्हणाला, "पोचल्यावर बिघडला तर नाव माझं येतं." मी पियानो लावला. त्याने उजव्या स्पीकरला कान लावला, मग डाव्या. मग पुन्हा डाव्या.

"काका, हा डावा मेलाय का?"

मी म्हणालो, तो पहिल्यापासूनच तसा आहे, जोडी म्हणून येतो, आम्ही त्यावर फुलदाणी ठेवतो.

तो सेटकडे वळला. सेटवर आवाजाच्या बटणाशेजारी आणखी एक गोल बटण आहे (दोन स्पीकरांत आवाज वाटून देणारं, हे मला आज कळलं), ते पूर्ण उजवीकडे होतं. त्याने ते मधोमध आणलं, आणि अक्का, फुलदाणीखालून क्लॅरिनेट निघालं.

मी खुर्चीतून उठलो. (गुडघ्याचं भानच राहिलं नाही.) पियानोवाला दोन सूर वाजवून थांबला की क्लॅरिनेट बोलायला लागायचं, लांबलचक, हसत, मध्येच विषय बदलत, एक गोष्ट सांगता सांगता तिसरीच काढत. मग हा पुन्हा दोन सूर टाकायचा, "हं" म्हटल्यासारखे. तेहतीस वर्षं मला वाटलं, हा विचार करतोय. तो ऐकत होता.

डॉक्टर बटणाकडे बोट दाखवून म्हणाला, "सगळ्या सेटमध्ये हेच जास्त झिजलंय. सारखं फिरवलेलं दिसतंय." मग विचारलं, "काका, नोकरी कुठं होती तुमची?"

"वजनमापं खात्यात. दुकानदारांचे तराजू तपासायचो. दोन्ही पारडी सारखी आहेत का ते."

त्याने वायरी न सोडवताच पिशवी उचलली. मग जिना उतरेपर्यंत त्याचं हसू मला ऐकू येत होतं.

तो गेल्यावर सगळं आठवलं. लग्नानंतरचा पहिला महिना. मी दिवसभर बाजारात तराजू तपासून आलो होतो आणि डाव्या बाजूच्या कॉटवर पडलो होतो. कानाशी सेट चालू होता. मी म्हणालो, "हे कोण केकाटतंय?" एवढंच. ती भांडली नाही, उठून काहीतरी फिरवलं, आवाज गेला, मी झोपलो. ते बटण तिने मी घरी असताना पुन्हा कधी हलवलं नाही आणि मी नसताना कधी हलवायचं चुकवलं नाही. मी महिन्यातून दोनदा दौऱ्यावर जायचो. हिशेब केला, तिने भरपूर ऐकलंय. मी आज इतका हसलो, की शिवणाऱ्या बाई काय झालं बघायला खाली आल्या. मग त्याही बसल्या, कॉटवर.

सेट उत्तम चालतो हे तुम्हाला कळावं, म्हणून हे सविस्तर लिहिलं. साडूबुवांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
भावोजी

ता. क. रविवारी टेम्पो पाठवू नये. मी "बरं" म्हणालो होतो हे खरं. आता "नको" म्हणतोय. तुम्हाला मी हे पहिल्यांदाच म्हणतोय, तेव्हा चुकून लिहिलंय असं समजू नका.

ता. क. दुसरा. टेम्पो ठरलाच असेल आणि रद्द होत नसेल, तर येऊ द्या, पण येताना भरून. तुमच्याकडे क्लॅरिनेटच्या रेकॉर्ड असल्या पाहिजेत. तिला ही आवड तुमच्याकडूनच लागली असणार. सोबत तुम्हीही या. डावीकडची खुर्ची तुमची. तुम्ही बोला, मी मध्ये मध्ये "हं" म्हणेन. तो "हं" नुसता वेळ काढण्यासाठी आहे असं आता तुम्हाला वाटणार नाही.

ता. क. तिसरा. त्या बँडवाल्या मुलाला मी उद्या आठ वाजता या असं सांगून बसलोय. ते कसं टाळावं हे कळवावं. किंवा कळवू नये.

पत्र पाकिटात घातलं. बॅगेतल्या रेकॉर्ड काढून जागेवर लावल्या, बॅग माळ्यावर टाकली, डाव्या स्पीकरवरून फुलदाणी उतरवली, आणि रेकॉर्ड उलटी करून लावली.