लिंबानंतरची सुपारी

प्रिय दत्तोबा,

'प्रिय' लिहिताना दात-ओठ खाल्लेत, हे आधीच सांगतो. दोन कोसांवर वारज्याला बहिणीच्या घरात तोंड लपवून बसलायस आणि मला निरोप काय, तर 'मी दांडपट्टा मुठा नदीत फेकला, जन्मात पुन्हा हाती धरणार नाही!' वा रे बहाद्दर! बोटं गेली माझी आणि सुतक पाळतोस तू?

आपल्या तालमीची रीत तुला ठाऊक नव्हती का? आधी जमिनीवरचा कोहळा. तो एका घावात दोन झाला की टांगलेलं केळं. मग खुंटावरचं लिंबू. आणि तेच लिंबू माणसाच्या तळहातावर, तेही वस्तादांनी आधी स्वतःचा हात पुढे केल्यावरच. खुंटावरच्या लिंबाशी वर्षभर अडलास, तेव्हा किती चिडायचास! पण त्यातूनच तुझं मनगट तयार झालं.

दसऱ्याला बुधवार पेठेतल्या चौकात माझ्या हातावरचं लिंबू तू झकास कापलंस. तेवढ्यात गर्दीतला कुणी उपरणेवाला म्हणाला, लिंबू तर आमच्या घरी बायकाही विळीवर चिरतात, त्याला पट्टा कशाला? झालं, तुझं डोकं फिरलं. वस्तादांकडे न बघता तू माझ्या तळहातावर सुपारी ठेवलीस. सुपारी! जी तू कधी खुंटावरही कापली नव्हतीस! समोर तू होतास, म्हणून मी हात मागे घेतला नाही.

त्याचा राग नाही, असं खोटं लिहिणार नाही. चांगला सणसणीत राग आहे. पण वैद्य हात बांधत होता तेव्हा मी गर्दीत तुला शोधत होतो आणि तू पळाला होतास. तो राग त्याहून मोठा आहे.

हे वेडंवाकडं अक्षर बघून हसू नकोस. उजव्या हातात आता लेखणी ठरत नाही, म्हणून डाव्याने शिकलो. आधी धूळपाटीवर नुसत्या रेघा, मग मुळाक्षरं, मग तुझं नाव. हे पत्र म्हणजे माझं खुंटावरचं लिंबू समज. मी पहिल्यापासून शिकतो, तर तुला काय धाड भरलीय? मुकाट्याने परत ये. वस्तादांनी नवा पट्टा काढून ठेवलाय, शेजारी कोहळाही. पुन्हा तळहातावरच्या लिंबापर्यंत येशील, तेव्हा हात मीच पुढे करीन. हाच, डावा.

तुझाच, अजून धुमसणारा,
जयसिंग