बशीतली गोळी

बुधवार, सकाळ

धाकटीस थोरलीचा आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला. खरं तर तुझा कान धरायचाय. रविवारी बॅग उचललीस आणि माहेरी निघालीस. सासूबाईंना "येते" म्हणालीस, तुझ्या नवऱ्याला म्हणालीस, दारात लोळणाऱ्या मांजरालासुद्धा वळसा घालून गेलीस. आणि मी एवढी हाडामांसाची जाऊ समोर उभी, तर मी जणू भिंतीची खुंटी! फोन केला की तुझी आई उचलते. "ती झोपलीय." सकाळी दहाला झोपलीय, संध्याकाळी सहाला झोपलीय. तुमच्या घरी काय कुंभकर्ण पाहुणा आलाय? म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी वाच. पत्र काही झोपलंय म्हणून सांगता येत नाही.

इकडे सगळे बरे आहेत. सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच. भाऊजी काल उलटा शर्ट घालून कामावर गेले आणि तसेच परत आले. दिवसभर कुणी सांगितलं नाही की सांगूनही कळलं नाही, देव जाणे. तुझा नवरा आहे, तूच बघ.

आता बातमी. उभ्याने वाचू नकोस, बस आधी.

मालकीणबाई दुकान आपल्याला देतायत! दोघींना! सोमवारी बँडवाले कोट घेऊन गेले, आणि बाईंनी गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली. म्हणाल्या, "सुईचं भोक आता मला दिसत नाही गं. पहिल्या तारखेपासून तुम्ही बघा." मी अशी किंचाळले की कटरमास्तर कात्री टाकून धावत आले, त्यांना वाटलं मी मशीनखाली बोट घातलं. अगं, आपलं दुकान! चार मशीन, मोठं टेबल, तो कुरकुरणारा पंखा, सगळं! मला रात्रभर डोळा लागला नाही. पाटीवर कुठला रंग द्यायचा तेही ठरवून झालं. तुला आवडणार नाही, पण ठरवलंय.

मात्र बाई पुढे म्हणाल्या, "दोघींना म्हटलंय. एकटीला नाही. तू कापडही फाडशील आणि गिऱ्हाईकही. ती गोड बोलते." खरं आहे, राग कशाला मानू? शनिवारी दुपारी त्या बहिणीकडे राहायला जातायत. त्याआधी दोघींचा होकार पाहिजे. नाहीतर समोरचा पडदेवाला जीभ बाहेर काढून बसलाच आहे.

आता त्या गोळ्यांचं. तू म्हणशील हिला बोलायला दुसरं काही नाही का. नाही.

मूल न होण्याच्या गोळ्या आपण दोघी घेतो, आणि जी आधी उठते ती चहा ठेवून दुसरीच्या बशीत तिची गोळी ठेवते. ही पद्धत तूच काढलीस, मी विसरते म्हणून. चार वर्षं बिनबोभाट चालली. मग त्या बँडवाल्यांच्या कोटांनी घात केला. दोन दिवस आपण चहा न घेताच दुकानात पळालो. चहा नाही तर बशी नाही, बशी नाही तर गोळी नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता शिवणारी बाई मी. टाके सुटले तर मागे जाऊन सगळे भरून घ्यायचे, एवढंच मला माहीत. दोघींची पाकिटं दुकानातच नेली, तुझ्या हातावर तीन ठेवल्या, स्वतः तीन घेतल्या. माझ्या पोटाने हूं की चूं केलं नाही. तू मात्र तासाभरात ढोलवाल्याच्या नव्या कोटात सगळं उलटं केलंस. पितळी बटणांसकट.

तुझी आठवण म्हणून तो कोट मी दोनदा धुतला.

काल दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेले होते. तीच, जिच्या बाह्या आपण दरवर्षी सैल करतो. सगळं सांगितलं तर कपाळाला हात लावून बसली. "अहो बाई, हे काय शिवण आहे का? सगळे टाके भरायला निघालात!" मग नीट समजावलं. तुझ्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या तर त्यातली शेवटची तेवढी घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या. रोजची वेळेवर चालू ठेवायची आणि पुढचे सात दिवस नवऱ्याने कंडोम वापरायचा. पाकीट संपत आलेलं असताना राहिल्या तर मधले बिनगोळीचे दिवस घ्यायचेच नाहीत, सरळ नवं पाकीट फोडायचं. आणि पाकिटाच्या सुरुवातीलाच राहिल्या, नवरा-बायको जवळ आलेले असले, तर घरी अंदाज बांधत न बसता लगेच तिच्याकडे जायचं, त्यावर वेगळी गोळी मिळते.

मी विचारलं, "आणि जास्त गेल्या तर?"

"एखाददुसरी जास्त गेली तर मळमळेल, उलटी होईल. विष नाही ते. पण गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात राहिलीच नाही असं धरायचं."

म्हणजे बघ! तीन घेतल्यास आणि तिन्ही ढोलवाल्याच्या खिशात.

जाता जाता तिने माझ्या दंडाला पट्टा आवळला. रक्तदाब चढलेला निघाला. म्हणाली, या वयात, या दाबावर तुम्हाला या गोळ्या नकोत, आजपासून बंद, दुसरा उपाय बघू. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, आता तुमचा नंबर. तेव्हापासून घरातही बूट घालून फिरतायत, पळायची तयारी.

हसलीस ना? हसलीस तर पुढचं लिहिते.

सिस्टरने विचारलं, "तुमची जाऊ त्यानंतर रोज घेतेय ना?" मी म्हणाले, "कुठून घेणार?" कारण तुझं पाकीट शनिवारपासून दुकानात, तुझ्या मशीनच्या खणात आहे. बॉबिनच्या डबीखाली. बॅगेत टूथब्रश नेलास, कंगवा नेलास, तो कुबट वासाचा शालीचा गठ्ठासुद्धा नेलास. पाकीट तेवढं नाही.

तिने पुढचं विचारलं, "तिला मूल नकोय ना?" मी "हो" म्हणणार होते. तोंडातून निघालं, "माहीत नाही." चार वर्षं रोज सकाळी तुझ्या बशीत गोळी ठेवली आणि हे कधी विचारलं नाही. गोळी घेतलीस का, एवढंच विचारलं. तेही ओरडून.

रविवारचं मी वर लिहिलं नाही. तुला माहीत आहे म्हणून नाही, लिहवत नव्हतं म्हणून. तू ओकलीस हे कटरमास्तरांनी सासूबाईंच्या कानावर घातलं, त्यांनी लगेच पिवळी लोकर काढून मोजा विणायला घेतला. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पोटबिट काही नाही, गोळ्या जास्त झाल्यात." तेवढ्यावर थांबले असते तर माझं काय गेलं असतं? पण मी थांबणारी कुठली. म्हणाले, "मालकीणबाई थकल्यात, आज ना उद्या दुकान आपल्याच हातात येणार, आता हिला पाळणा कशाला?" तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. लोकरीकडे बघत होतीस. ते मला तेव्हा दिसलं होतं, धाकटे. दिसूनही मी चहाची भांडी आपटत बसले.

सोमवारी सगळे गेल्यावर ती टेप गळ्यात तशीच घेऊन मी ट्रायलच्या पडद्यामागे गेले. अस्तरांचे गठ्ठे उभे असतात ना, ते हलवले तर पाळणा बसतो. आडवा नाही, उभा. पंख्याचं वारं पोचतं, तुझ्या मशीनवरून हात लांब केला की झोका देता येतो. दोनदा मोजलं. मालकीणबाईंना सांगितलं नाही, कुणालाच नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितेय. मूल नको असेल तर तिथे अस्तरंच राहतील, माझं काही म्हणणं नाही. खरंच नाही. तुझी बशी रोज सकाळी काढते. त्यात काही ठेवत नाही.

तर शनिवारी दुपारच्या आत उत्तर पाहिजे. दुकानाचं नंतर बोलू, बाईंना मी दारातच अडवून धरते. आधी हे सांग: पाकीट विसरलीस की ठेवून गेलीस? विसरली असशील तर ये, दोघी सिस्टरकडे जाऊ. ठेवून गेली असशील तर सासूबाईंना दुसरा मोजा घ्यायला सांगते, एकावरच सुया थांबल्यात.

फोन तू स्वतः करायचा. आईला झोपू दे. शनिवार. दुपारच्या आत.

चिडलेली, आणि तुझीच,
थोरली