उन्हाळी उपक्रमांची वही आणि वकीलसाहेबांची पँट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे वाकून नाही, पण मनापासून आहे. वाकलो असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? बसताना दुखतो आणि उठताना दुखत नाही असं तू मागे लिहिलं होतंस, तेव्हापासून मला घोर लागला आहे. दोन्ही वेळा दुखलं तर ते वय, एकाच वेळी दुखलं तर दुसरं काहीतरी, असं आमच्या शेजारचा इस्त्रीवाला म्हणतो. त्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याच्या बोलण्याने काळजी मात्र हमखास वाढते. तर एकदा दाखवून घे. माझी प्रकृती उत्तम आहे. झोप लागत नाही, घास उतरत नाही आणि डावी पापणी आपली आपण उडते, एवढं सोडलं तर तक्रार नाही.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. पण फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. मी फोन उचलला की भिंगरी मांडीवर येऊन बसते, दोन्हीकडचं ऐकते, आणि संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला की सगळं जसंच्या तसं, माझ्या खोकल्यासकट, म्हणून दाखवते. चार वर्षांच्या नातीकडे एवढी स्मरणशक्ती आली कुठून कोण जाणे. (आपल्या घराण्यात तर कुणाला नव्हती. माझा वाढदिवस तुला कधी आठवला आहे?) तिला अजून वाचता येत नाही, हा एकच आडोसा मला राहिला आहे. आत्ता ती कापडाच्या चिंध्यांना ओळीने झोपवते आहे, तेवढ्यात लिहून घेतो. माझी कन्या सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडे डोकावते, तेव्हा हे पत्र तिच्या हाती लागणार नाही एवढं बघ.

आमच्यात काय ठरलं आहे ते तिने तुला सांगितलं असेल, पण तिच्या बाजूने सांगितलं असेल, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. तुझ्या गावच्या मोठ्या इस्पितळात तिला नर्सची नोकरी लागली, राहायला खोली मिळाली, पाळ्या मात्र दिवसाच्याही आणि रात्रीच्याही. जावई वर्षातले नऊ महिने बोटीवर. तेव्हा लेकीला कुठे ठेवायचं? मी म्हटलं, माझ्याकडे. ती म्हणाली, बाबा, तुमच्या दुकानात कात्र्या, सुया, गरम इस्त्री, आणि तुम्ही. (हा 'तुम्ही' तिने ज्या क्रमाने घेतला तो मला लागला.) शेवटी असं ठरलं की शिशुवर्गाची ही दीड महिन्याची सुट्टी मी भिंगरीला सांभाळून दाखवायची, नुसती सांभाळून नाही, काही शिकवूनही. जमलं तर वर्षभर ती माझ्याकडे. नाही जमलं तर आई तिला घेऊन जाणार आणि पाळीच्या वेळी कुठल्याशा सांभाळणाऱ्या बाईंकडे ठेवणार. निकाल परवा रविवारी आहे. ताई, तुझी भावजय गेल्यापासून या दुकानात माझ्याशी फक्त मशीन बोलायचं, आणि तेही एकच वाक्य. ही पोर गेली तर मी पुन्हा त्या मशीनशी बोलत बसायचं का? नुसत्या विचारानेच माझी शिवण वाकडी जाते, आणि शिंप्याची शिवण वाकडी म्हणजे गिऱ्हाइकाचा खांदा वाकडा.

शिशुवर्गाच्या बाईंनी सुट्टीआधी एक छापील कागद आणि एक कोरी वही दिली होती. कागदावर 'खेळता खेळता शिकूया' असं लिहून खाली उन्हाळ्यात घरी करायचे उपक्रम दिले आहेत, आणि प्रत्येकापुढे कंसात त्याचा फायदा. पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतणे (पकड सुधारते). रंगांप्रमाणे वस्तू वेगळ्या करणे (निरीक्षण वाढते). सरळ रेषा काढणे (अक्षराची तयारी होते). केलेलं सगळं वहीत चिकटवायचं. तू बालवाडीत तीस वर्षं हेच केलंस, तुला हसू येईल. पण मला तो कागद वाचून घाम फुटला, कारण मुलाचा फायदा सगळीकडे लिहिला आहे, आजोबांच्या जिवाचं काय होतं ते कुठेच नाही.

पाण्यापासून सुरुवात केली. बुडायची भीती नको म्हणून वाटीत दोन बोटं पाणी घेतलं. तरी मी जवळ टॉवेल घेऊन उभा. भिंगरीने ते पाणी पेल्यात ओतलं, पेल्यातून बाटलीत, बाटलीतून परत वाटीत, एक थेंब सांडला नाही. मी वहीत 'पकड चांगली' असं लिहायला वळलो, तेवढ्यात तिने ते इस्त्रीवाल्याच्या बुटात ओतलं. (बूट रिकामा होता. त्याने तो दारात काढून ठेवला होता.) तो दिवसभर एका पायाने चपचप करत माझ्या दारावरून फिरला, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट.

मग बटणं. मी बटणांचा डबा तिच्यापुढे ओतला आणि रंग वेगळे करायला सांगितले. तिने रंगांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन भोकांची एकीकडे, कारण ती बघतात. चार भोकांची दुसरीकडे, कारण ती चष्मा लावून बघतात. आणि ज्यांना वरून भोक नसतं ती तिसरीकडे, कारण ती झोपली आहेत. चाळीस वर्षं मी बटणं लावतो आहे, पण माझ्याकडे कुणी बघतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. आता रोज वाटतं. इथवर ठीक होतं. पण डब्यात परत भरताना माझ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, वकीलसाहेबांच्या, कोटाची झोपलेली काळी बटणं मोजली तर सहाची पाच. भिंगरीला विचारलं तर तिने फक्त ओठ घट्ट मिटून घेतले. दुकान उघडं टाकून तिला काखोटीला मारून डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, गिळलं असेलच तर दोन-तीन दिवसांत बाहेर येईल, लक्ष ठेवा. ताई, ते लक्ष मी तीन दिवस कसं ठेवलं हे पत्रात लिहिण्यासारखं नाही. तिच्या आईला कळवलं नाही, पण दर फोनला माझा आवाज इतका गोड होत होता की तिला संशय आलाच. चौथ्या दिवशी बटण माझ्या चष्म्याच्या डबीत मिळालं, मऊ जागी निजवलेलं. मग तीन दिवस बोलली का नाहीस, तर म्हणे ते उठलं असतं.

पण खरा घोटाळा पुढेच आहे. सरळ रेषांसाठी मी तिला माझा कापडावरचा खडू दिला. (पेन्सिल टोकदार असते.) पंधरा दिवस ती पोर रेघा काढत होती: टेबलावर, स्टुलावर, माझ्या पाठीवर. आणि काय हात बसला, ताई! मी मुद्दाम कौतुक टाळत होतो, लहान मुलांना दृष्ट नको म्हणून नाही, माझ्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून. गेल्या मंगळवारी वकीलसाहेबांच्या काळ्या पँटचं कापड दुहेरी घालून मी आखणी केली आणि चहा घ्यायला आत गेलो. परत येऊन कात्री चालवली. चाळीस वर्षांचा हात, तो रेघेशी वाद घालत नाही. कापून झाल्यावर पाहिलं तर माझी रेघ खाली पायाशी तशीच होती आणि मी कापलं होतं ते तिच्या रेघेवर, गुडघ्याशी. भिंगरी स्टुलावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. कापड दुहेरी असल्याने दोन्ही पाय मात्र अगदी सारखे आखूड झाले. मला रडू यावं की अभिमान वाटावा हे ठरेना, म्हणून दोन्ही केलं. त्या ताग्यातलं कापड संपलं आहे आणि काळ्याला काळा जुळत नाही. (काळा रंग एकच असतो असं ज्याला वाटतं त्याने शिंप्याचा धंदा करू नये.) कापलेल्या कडेची एक पट्टी मी वहीत 'सरळ रेषा' या पानावर चिकटवली आहे आणि खाली 'उत्तम' लिहिलं आहे.

बुधवारी वकीलसाहेब आले. मी मशीनखाली पडलेली सुई शोधायला वाकलो. (सुई पडलेली नव्हती.) तेव्हा वरून भिंगरीचा आवाज आला, अगदी माझ्या चालीत: "झालंच आहे साहेब, फक्त बटणं राहिलीत. उद्या या." वकीलसाहेबांनी आयुष्यभर खोटे साक्षीदार उलटे टांगले आहेत, पण ते 'बरं' म्हणून निघून गेले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मी तिला शिकवलं नव्हतं. कागदावर हा उपक्रमच नाही. आणि त्याच संध्याकाळी आईने फोनवर जेवलीस का म्हणून विचारलं, तर ही म्हणते, जेवण झालंच आहे, फक्त गिळायचं राहिलंय. मग कन्या एवढंच म्हणाली, "बाबा, रविवारी येते. वही तयार ठेवा."

तर ताई, आता तूच तार. वहीत एक बुटाचं चित्र, बटणांची तीन वर्तुळं आणि वकिलाची पट्टी, एवढाच दीड महिन्याचा ऐवज आहे. एखादं गाणं, एखादा पाढा, काहीही सुचव, जे एका दिवसात पाठ होईल आणि ज्यात खोटं बोलावं लागणार नाही. (पत्र रविवारच्या आत पोचेल का, हे मी स्वतःला विचारत नाही.) शक्य असेल तर तू स्वतःच कन्येला चार शब्द सांग की शिंप्याच्या दुकानातही मूल वाढतं. तुझं ती ऐकते. माझं ऐकल्यासारखं करते.

गुडघ्याची काळजी घे, माझी करू नकोस. (थोडी केलीस तरी चालेल.)

तुझा
धाकटा

ता. क. रविवार दुपार. पत्र टाकायचं राहून गेलं, ते एका अर्थी बरंच झालं. कन्या सकाळच्या गाडीने आली. वहीला मी नवं कव्हर घातलं होतं, तिने ती उघडलीसुद्धा नाही. हात धुऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, राहू द्या वही, बाबा, मी ठरवूनच आले आहे, ठेवा तिला तुमच्याकडे, इथे ती आनंदात आहे. ताई, जे ऐकायला दीड महिना जीव टांगणीला लावला होता ते ऐकलं! तेवढ्यात भिंगरी टेप घेऊन आली. आई आली की ती दर खेपेला तिचं माप घेते, आकडे कळत नाहीत म्हणून माझ्यासारखं चिमटीत धरून ठेवते. आज तिने टेप कमरेभोवती फिरवली, चिमूट धरली, उरलेली टेप पाहिली आणि म्हणाली, "आई, तू कमी झालीस." माझ्याही नजरेला ते दारातच दिसलं होतं. दोन्ही खांद्यांवरून कपडा उतरत होता. पण निकाल माझ्या बाजूने लागेपर्यंत मी बोललो नव्हतो. कन्येने लेकीच्या डोक्यावर हनुवटी टेकली आणि रडायला लागली. म्हणाली, पाळी संपली की खोलीवर जाते, उभ्याउभ्याच काहीतरी खाते, बसून खायला समोर कुणी लागतं. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "घेऊन जा तिला." मी म्हणालो हे मलाच खरं वाटेना. दोघी बुधवारी निघतात.

ता. क. २. म्हणजे वर जे काही मागितलं आहे ते सगळं रद्द. गाणं नको, पाढा नको, चार शब्दही नकोत. खरं काम वेगळंच आहे. त्या सांभाळणाऱ्या बाईंचं काही खरं नाही, असं इस्त्रीवाला म्हणतो, आणि या वेळी माझंही तेच मत आहे. तुझ्या घराच्या जिन्याखाली तू रिकामे डबे ठेवतेस ती जागा मी मागच्या खेपेला नजरेनेच मोजून ठेवली होती. (सवय.) तिथे मी माझं दुकान मांडलं, तर आईच्या पाळीच्या वेळी पोर माझ्याजवळ राहील, पाळी संपली की आईकडे जाईल. गिऱ्हाइकं तिथेही कपडे घालतच असतील. डबे दुसरीकडे हलवता येतील का ते लगेच कळव. मशीन आत बरोबर बसतं. मी बसत नाही, पण मी बाहेर बसेन.