डिशचं अर्थिंग

आई,

टीव्ही लावू नकोस. प्लग आणि डिशची केबल मी मुद्दाम काढून ठेवली आहे.

काल भाऊजींनी गच्चीवर डिश बसवली, चित्र लख्ख आलं, आणि तू "जावई असावा तर असा" म्हणत शेजारी फिरून आलीस. दोन तास शिडी मी धरली होती. असो. त्यांनी अर्थिंगची तार पाण्याच्या पाइपला बांधली आहे. तो पाइप आपण गेल्याच वर्षी बदलला, आता तो प्लास्टिकचा आहे. त्यातून वीज जमिनीत जाणार कशी?

मी तांब्याची जाड तार आणायला जातेय. येताना वायरमनकाकांना घेऊन येते, ते ती मीटरजवळच्या अर्थिंगला जोडतील. तोवर ढग आले तर गच्चीवर जाऊ नकोस.

भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. म्हणजे सांग, पण मी घरी असताना सांग.

धाकटी