बाहीचं माप

प्रिय ताई,

त्या बाहीला खरं काय काय लागलं, ते काल बसून जुळवलं. हातभर ताणाचं कापड, वीतभर इलॅस्टिक, माझा अर्धा तास. शिवाय तुझे दवाखान्यातले नऊ दिवस, अंग भाजणारा ताप आणि डाव्या हाताची अजून नीट न मिटणारी मूठ. पहिल्या तीन गोष्टी मी गावभर सांगत फिरलो होतो. बाकीच्या आज पहिल्यांदा कागदावर येतायत.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यापासून तुझा हात सुजायचा, म्हणून डॉक्टरांनी दाबाची बाही दिली होती. ती सैल झाली, तेव्हा तू मला तशीच दुसरी आणायला सांगितलीस. मी काय म्हणालो, ते तुला पाठ असेल. माणूस दारातून आत आला की मला त्याचं माप कळतं, टेप गळ्यात नुसती शोभेला, घरात शिंपी असताना दुकानातली बाही कशाला? सगळा कारखाना हसला. एका मशीनची बावीस मशीन केलेल्या माणसाला कोण अडवणार? बाही खाली घसरू नये म्हणून मी वर, दंडाला, इलॅस्टिक घातलं. फ्रॉकच्या बाहीला घालतो, तसंच.

गेल्या आठवड्यात तुझ्या व्यायामाच्या बाईंकडे गेलो होतो. तुला न सांगता गेलो. त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून समजावलं. रक्ताला ढकलायला हृदय आहे. पण अंगात आणखी एक पाणी फिरत असतं, लसिका म्हणतात, त्याला ढकलणारं कोणी नाही. आपण चाललो, हात हलवले, पोटातून श्वास घेतला, की तेवढं ते सरकतं. गाठी काढल्या की त्याची वाट आधीच अरुंद होते. म्हणून बाही मनगटाशी घट्ट आणि वर जाताना हलकी हवी. मी नेमकं उलटं केलं होतं. अख्ख्या हाताचं पाणी दंडाशी अडवून ठेवलं होतं.

दुपारी कारखान्याच्या खिडकीशी उभी राहून तू पोट फुगवून श्वास घ्यायचीस, त्वचेवरून हलकेच हात फिरवायचीस, तेव्हा मी तुला 'आमचा भाता' म्हणायचो. आता बाईंनी मलाच ते शिकवलं. हात किती हलका हवा, तर मखमलीची लव बसवताना असतो तेवढा. एवढं मला लगेच कळलं. आता कारखान्यात दर तासाला मशीन बंद होतात, सगळे उठून हात वर करतात, पाणी पितात, जिन्यापर्यंत फेरी मारतात. मी पुढं उभा असतो. काज-बटणवाली ओरडते, "मालक, पोट फुगवा, छाती नको!" हसू दे तिला. सुई टोचली तर लगेच धुवायचं, लपवायचं नाही, हाही नियम केलाय. तुला टोचली होती, तेव्हा हा नियम नव्हता; त्या तुंबलेल्या हातात जंतू शिरले ते तिथूनच.

ताई, आता जड लिहितो. कुठल्या मशीनची सुई बोथट झालीय ते मी जिन्यावरून ओळखतो, हे तुला माहीत आहे. तुझं मशीन तीन दिवस अडखळत चाललं होतं. चार टाके, थांबा, परत चार टाके. मला ते ऐकू आलं होतं. तुझा हात दुखतोय, हे मला तिथंच कळलं होतं. शाळेच्या गणवेशांचा माल शनिवारी जायचा होता. मी रेडिओचा आवाज वाढवला.

आणि दवाखान्यात डॉक्टरांनी ती बाही कापून काढली आणि ही कुणी दिली म्हणून विचारलं, तेव्हा तू डोळे मिटून म्हणालीस, "बाजारातून घेतली." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी वर तुलाच रागावलो, "असलं काहीबाही कशाला घालतेस गं?" भाचीनंही तुला दोन शब्द सुनावले. तू ऐकून घेतलेस.

काल भाचीला खरं सांगितलं. तिनं एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "मामा, हे आईला लिहून द्या. तोंडी सांगाल तर गंमत करून सुटाल." म्हणून हे पत्र. सोमवारी बाई तुझ्या नव्या बाहीचं माप घेणार आहेत. मला बरोबर यायचंय. नको म्हणालीस तर खाली थांबेन. तिथं तळव्यापासून दंडापर्यंत नऊ ठिकाणी टेप लावतात. मी तर त्या दिवशी तुझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. बाही बेतली ती वहीत लिहिलेल्या तुझ्या जुन्या ब्लाउजच्या मापावर, ऑपरेशनच्या आधीच्या.

तुझाच,
धाकटा