खुर्च्यांच्या दालनाचा रंग

६ एप्रिल
उन्हाळा आला, प्रदर्शनांचा हंगाम सुरू! आज दिव्यांचं पाहिलं. कागदी, काचेचे, पितळी — आणि खालच्या पाट्या इतक्या बारीक अक्षरांत, की हिलाच वाचून दाखवाव्या लागल्या. वाचता वाचता रंगही सांगत होती. "हा निळा बघा. शेजारचा जांभळा." अगं, भिंतींचे रंग ठरवून मी आयुष्यभर पोट भरलं, आणि मला रंग शिकवतेस?  परत येताना तेच तुणतुणं — "एकदा डोळे दाखवून या."
प्रदर्शनाचा निकाल: जावं. चहा मात्र घरून पिऊन जावं.

१४ एप्रिल
यंदा एका प्रदर्शनाचं काम मलाच मिळालंय. खुर्च्यांचं! दालनाच्या भिंती कोणत्या रंगाच्या, ते मी ठरवायचं. फार डोकं चालवलं नाही. आमच्या झोपायच्या खोलीला गेल्या वर्षी मी निवडलेला राखाडी — शांत, कशाच्या अध्यात ना मध्यात — तोच. भिंत गप्प राहिली, की खुर्च्या बोलतील. रंगाऱ्याला नमुन्याचा कागद देऊन आलो.
जेवताना हिला सांगितलं, "आपल्या खोलीचाच रंग देतोय." हिला असा ठसका लागला! पाणी दिलं.
"नक्की तोच?"
"तोच."
 मग भात अर्धाच टाकला.

१७ एप्रिल
माझी जुनी राखाडी पँट कुठे गेली? कपाट पालथं घातलं. ही म्हणते, "विरली होती. फडकी केली." मला न विचारता! चांगली दोन उन्हाळे आणखी चालली असती.

२६ एप्रिल
दालन बघून आलो. भिंती अगदी मनासारख्या. हात बसलाय आपला, दुसरं काय!

२ मे
जुन्या डब्यांचं प्रदर्शन. बिस्किटांचे, चहाचे, बुटांच्या पॉलिशचे. फार गोड. पण मधली पायरी मला दिसलीच नाही. डब्यांच्या मनोऱ्यावर जाऊन पडणार, तेवढ्यात हिनं कॉलर धरून मागे ओढलं. पहारेकरी आमच्याकडे असा बघत होता, जसं काही आम्ही डबे पळवायला आलोय.
आता मात्र हिचं ऐकावं लागणार. प्रदर्शनाचा निकाल: जावं — पण पायाखाली बघत.

५ मे
मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगलाच पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरेच दिवस पिवळ्या काचेतून जग बघताय. निळा, जांभळा ओळखू येत नसेल." हसण्यावारी नेलं. बाहेर येऊन बाकावर बसलो. रंग गेले तर मी कोण? मला दुसरं काही येत नाही.
ही शेजारी बसून होती. "ऑपरेशन केलं की सगळं परत दिसणार आहे, ऐकलंत ना?" ऐकलं होतं. पण हिच्या तोंडून ऐकलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

१२ मे
एक डोळा झाला. आज पट्टी निघाली. निळा! आभाळ, बादली, समोरच्यांचा दरवाजा — सगळ्यांत निळा! रस्ताभर मीच हिला रंग सांगत आलो. हिनं ऐकून घेतलं.
घरी आलो. आडवं व्हावं म्हणून झोपायच्या खोलीत गेलो, आणि — जांभळी! चारही भिंती ठार जांभळ्या!
"अगं, ही खोली जांभळी आहे!"
"हो की. मला वाटलं, तुम्हाला आवडतो."
वर्षभर त्यात झोपली बाई! मला हसू आवरेना. आणि हसता हसता आठवलं, हाच रंग मी दालनाला दिलाय. खुर्च्या!

१३ मे
जाणार नाही. प्रदर्शन कधीच उघडलंय, गावभर लोक बघून गेले असतील. कुणी मला काही बोललं कसं नाही? बोलतील कशाला — मी पडलो रंगातला माणूस! मिळवलेलं नाव त्या चार भिंतींनी धुऊन टाकलं. हे काम सोडावं.

१५ मे
हिनं दंडाला धरून नेलं. दारात डोळे मिटले. "उघडा आता," म्हणाली.
राखाडी! शांत, मऊ, खराखुरा राखाडी! भिंत गप्प, खुर्च्या बोलतायत. इतकं हलकं वाटलं, की समोर दिसली त्या खुर्चीतच बसत होतो. पहारेकऱ्यानं उठवलं.
रंगाच्या दुकानदारानं चुकून दुसराच डबा दिला असणार. देव त्याचं भलं करो! निकाल: जावं, जावं, जावं!

१७ मे
रंगारी पुढच्या कामाचं बोलायला आला होता. म्हणाला, "साहेब, दालनाचा रंग आयत्या वेळी बदललात, ते झकास झालं."
"मी कुठे बदलला?"
"असं काय करता! वहिनी नमुना देऊन गेल्या ना. म्हणाल्या, साहेबांनी पाठवलाय." आणि पिशवीतून कापडाचा तुकडा काढून दाखवला. शिवणीसकट, खिशाच्या कोपऱ्यासकट. माझी पँट!
आत गेलो. ही जांभळ्या खोलीत चादर बदलत होती. तुकडा समोर धरला.
"मग आपली खोलीही तेव्हाच बदलायचीस की."
"इथं कोण येतंय बघायला?" म्हणाली. "तिथं तुम्हाला लोक हसले असते."
मी चादरीचं दुसरं टोक धरलं.