अँटवर्पच्या मुद्रकाची वही

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. काल कपाट आवरताना तुमची निळी वही हाती आली. आता बोलू कुणाशी? म्हणून हे पत्र.

साडेचारशे वर्षांपूर्वीच्या, फ्लँडर्समधल्या अँटवर्प शहरातल्या एका मुद्रकाचं चरित्र लिहिलंय तुम्ही त्यात. गेल्या वर्षी म्हणाला होतात, "नीता, एकदा तपासून दे. माझे डोळे आता ऱ्हस्व-दीर्घ पकडत नाहीत." मी म्हटलं, "ऑडिट संपू दे अण्णा, मग." किती ऑडिटं संपली हो त्यानंतर!

इथे आखातात, रोल्ला भागातल्या छापखान्यात कटिंग मशीनखाली तुमची दोन बोटं गेली, तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "खलास, अब गाँव जाओ." तुम्ही गेला नाहीत. अरबी अक्षरं शिकलात आणि प्रुफं वाचायला बसलात. ही जिद्द कुठून आली, मी कधी विचारलंच नाही.

वहीत उत्तर सापडलं. तेव्हा हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या बेल्जियन इंजिनिअरने तुम्हाला त्या मुद्रकाची गोष्ट सांगितली होती. तो मुद्रकही तुमच्यासारखाच आधी पुस्तकं बांधायचा. कुणीतरी भलताच माणूस समजून त्याच्यावर तलवार चालवली, हात कामातून गेला, म्हणून तो छपाईकडे वळला. अनेक भाषा शेजारी शेजारी बसवून त्याने बायबल छापलं. सैनिकांनी शहर लुटलं, तरी त्याने छापखाना सावरला.

मग हे वाक्य आलं: "त्याच्या मुली लहानपणापासून प्रुफं वाचायच्या, न कळणाऱ्या भाषांतलीसुद्धा." पुढे पान कोरं. अण्णा, हे माझ्यासाठी होतं ना? सरळ रागवायचंत की!

आणि तो दिवस! आपल्या अल कुसैसच्या घरात माझी मीरा ही वही बघून तुम्हाला विचारत होती, "आजोबा, इज इट अ स्टोरी?"

"हो, पण मराठीत आहे."

"देन यू रीड इट."

तुम्ही वाचायला लागलात आणि मी आतून ओरडले, "अण्णा, उद्या टेस्ट आहे तिची!" तुम्ही मुकाट्याने वही मिटलीत. पुन्हा उघडली नाहीत. नात ऐकायला बसली होती, आणि मी तिला उठवलं.

ही वही मी छापून घेईन, अण्णा. त्याआधी मीराला रोज दोन पानं वाचून दाखवीन. अडलं तर समजावीन, घाई करणार नाही. आज ऑफिसला येत नाही म्हणून कळवलंय. लाल पेनाने सकाळपासून अकरा पानं तपासून झाली.

तुमची,
नीता